चौकटीची उंची

शिरूर आणि दौंड ही आमची दोन गावे. ही नावे कागदावर लिहावीत आणि शिरोरेषेच्या वरचा भाग कागदाच्या पट्टीने झाकून पाहावा. 'दौंड'वरच्या दोन मात्रा आणि अनुस्वार जातो आणि 'दाड' उरते. 'शिरूर'ची पहिली वेलांटी मोडते. तिचा केवळ दांडा 'श'च्या अलीकडे, मराठीत काना कधीच येत नाही अशा जागी उभा राहतो. 'न्हावरे'चे 'न्हावर' होते, 'केडगाव'चे 'कडगाव' आणि 'वरवंड'चे 'वरवड'. पट्टी खालून लावली तर 'कुरकुंभ'चे 'करकंभ' होते. 'पाटस' आणि 'यवत' ही दोन गावे तेवढी दोन्ही बाजूंनी सुखरूप राहतात, कारण त्यांच्या अक्षरांना वर-खाली काही जडलेलेच नाही.

हा केवळ अक्षरांचा खेळ नाही. संगणकाच्या पडद्यावर मराठी अवतरली त्या काळात तिच्यावर अशी पट्टी वारंवार पडली आणि ती बहुधा कोणी हेतूने लावलेली नव्हती. पान आखणाऱ्याने चौकटीची उंची आधी ठरवून टाकलेली असे. ती रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असे. आणि मराठी मजकूर तिच्यात मागाहून ओतला जाई. साहित्याच्या अध्यापकांनी असल्या तांत्रिक विषयात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आशय आणि आकृतिबंध यांचा संबंध आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. तो संबंध आकड्यांमध्ये, पडद्यावरच्या ठिपक्यांमध्ये मोजता येईल असा आम्हाला एकदाच भेटला. त्याची ही हकिगत आणि त्यामागचा इतिहास.

२००५ साली आम्ही दोघेही नुकतेच एम.ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो, एक जण शिरूरला आणि एक जण दौंडला. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून आम्ही जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठची गावे, तिथल्या साठी-सत्तरीच्या बाया, त्यांच्या तोंडच्या ओव्या. या ओव्या महाजालावर ठेवाव्यात असे ठरले. पानाची कल्पना साधी होती. डावीकडे ओवी आणि उजवीकडे ती सांगणाऱ्या बाईंचे नाव व गाव. ओवी कोणाची हे कळले पाहिजे, एवढा एकच आमचा आग्रह होता. लोकसाहित्याच्या पुस्तकांत संपादकाचे नाव मुखपृष्ठावर येते आणि सांगणारीचे कुठेच येत नाही, याची चीड तेव्हा ताजी होती.

पान आम्ही टेबलांनी आखले, कारण तेव्हा बहुतेक जण तसेच आखत. मात्र देखणेपणाच्या हौसेपायी एक चूक केली. ओव्यांसाठी एक टेबल केले, नावांसाठी दुसरे, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. नावांच्या टेबलाला वेगळा रंग आणि गोलाकार कोपरे द्यायचे होते, एवढेच त्यामागचे कारण. दोन्ही टेबलांतल्या प्रत्येक चौकटीची उंची चाळीस ठिपके अशी ठरवून दिली. उंची सारखी, म्हणून ओवीसमोर नाव येणारच, असा आमचा हिशोब होता. शिरूरच्या सायबर कॅफेत तो अचूक ठरला.

त्याच संध्याकाळी दौंडला पान उघडले तर हिशोब फिसकटलेला. शिरूरच्या संगणकावर आम्ही महाजालावरून उतरवून घेतलेला एक युनिकोड फाँट होता. त्याच्या दोन ओळी चाळीस ठिपक्यांत मावत होत्या. दौंडच्या संगणकावर तो नव्हता. तिथे विंडोजबरोबर येणारा 'मंगल' होता, आणि मंगलची ओळ उंच. सोळा ठिपक्यांच्या अक्षराला सुमारे सत्तावीस ठिपक्यांची ओळ, म्हणजे दोन ओळींच्या ओवीला चोपन्न. ओवीची चौकट चाळीसवरून चोपन्नवर गेली. शेजारच्या टेबलातले एका ओळीचे नाव मात्र चाळीसमध्येच बसून राहिले. प्रत्येक ओवीमागे चौदा ठिपक्यांची तफावत. तीन ओव्या झाल्या की बेचाळीस, म्हणजे एक अख्खे घर. चौथ्या ओवीसमोर पाचव्या बाईंचे नाव आले. पुढे तर प्रत्येक ओवी दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर जमा होत गेली.

ही गोष्ट आमच्या ध्यानात यायच्या आधी एका विद्यार्थ्याने ते पान छापून गावी नेले होते. ज्यांच्या ओव्या होत्या त्या बाई तोवर वारल्या होत्या. त्यांच्या सुनेने नातवाकडून कागद वाचून घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "ही ओवी आमच्या आत्याबाईंची न्हाई. आन् त्यांची हाये ती दुसरीच्या नावावर घातलीया." चौदा ठिपक्यांच्या चुकीचा याहून नेमका निवाडा आम्हाला कोणत्याही तज्ज्ञाकडून मिळाला नसता.

चूक आमची होती हे खरे. पण ती इतक्या सहजपणे का घडली हे समजून घ्यायचे, तर टेबलाच्या इतिहासात दहा वर्षे मागे जावे लागते.

महाजालाच्या पानावरचे टेबल मुळात आकडेवारीसाठी आले. नेटस्केपच्या १.१ या आवृत्तीने १९९५ मध्ये ते लोकांपुढे आणले. मे १९९६ मध्ये डेव्ह रॅगेट यांनी टेबलांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, तो अमेरिकी सैन्याच्या कागदपत्रांसाठी बनलेल्या 'काल्स' या नमुन्याशी मेळ राखणारा होता. पाहुण्याने ओसरीवर टेकावे आणि हळूहळू घरच ताब्यात घ्यावे, तसे या टेबलाचे झाले. पानावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्याचा दुसरा सोपा मार्ग त्या काळी नव्हता. त्यामुळे वृत्तपत्राची स्तंभरचना, दुकानाची पाटी, कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ, सगळे टेबलात बसवले जाऊ लागले. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने तर एका ठिपक्याचे पारदर्शक चित्र ताणून रिकामी जागा हवी तेवढी उंच किंवा रुंद करण्याची युक्ती घरोघरी पोचवली. न दिसणाऱ्या चित्राने जागा अडवून धरायची, असा तो प्रकार होता.

रुंदीचे त्यामुळे बरेच जमले. उंचीचे मात्र कधीच नीट जमले नाही. याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. कागदाला रुंदी आणि उंची दोन्ही असतात. महाजालाच्या पानाला रुंदी असते, उंची नसते. ते खाली हवे तेवढे वाढते. म्हणून रुंदी चौकटीने ठरवायची आणि उंची मजकुराने, हा या माध्यमाचा मूळ स्वभाव. जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ या प्रमाणात चौकटीला उंची सांगण्याची सोय होती, पण ती 'सुचवलेली' उंची होती. त्याच आडव्या ओळीतल्या दुसऱ्या चौकटीला अधिक जागा लागली तर सूचना मागे पडे. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल ४.० ने ही सोयही मावळतीला काढली. अख्ख्या टेबलाला उंची सांगण्याची मुभा तर प्रमाणात कधीच नव्हती. ब्राउझर मात्र ती निमूट पाळत आणि पाने आखणारे ती निःशंक वापरत. प्रमाण एक, व्यवहार दुसरा, अशी ही स्थिती व्याकरण शिकवणाऱ्यांना अपरिचित वाटू नये.

व्यवहार ब्राउझरागणिक निराळा होता. नेटस्केप ४ रिकाम्या चौकटीचा रंगच दाखवत नसे, म्हणून रिकाम्या चौकटीतही एक न दिसणारी मोकळी जागा टंकावी लागे. ती टंकली की चौकटीची उंची फाँटच्या एका ओळीएवढी होई आणि एका ठिपक्याची बारीक रेघ काढू पाहणाऱ्याला जाडजूड पट्टा मिळे. एक उंच चौकट शेजारच्या चार ओळींना मिळून व्यापत असेल, तर तिची जादा उंची त्या चार ओळींत कशी वाटायची, यावरही एकमत नव्हते. एखादा ब्राउझर ती सर्वांना वाटून देई, तर दुसरा सगळी एकाच ओळीच्या पदरात टाकी. यात कोणाला चूक ठरवणेही कठीण, कारण सीएसएस २.१ या प्रमाणाने पुढे स्पष्टच सांगून टाकले की अशा वेळी त्या ओळींची बेरीज पुरेशी झाली म्हणजे झाले; वाटणीचा नियम आम्ही घालून देत नाही. 'शंभर टक्के उंची' या शब्दांचाही प्रत्येक जण आपापला अर्थ लावी. जुन्या सैल रीतीत ती पडद्याएवढी होई. काटेकोर रीतीत मात्र शंभर टक्के कशाचे, असा प्रश्न येई आणि बाहेरच्या वेष्टनाला स्वतःची उंची नसेल तर ती सूचना जमेसच धरली जात नसे.

या दोन रीतींचा जन्मही मजेशीर आहे. जुनी लाखो पाने मोडू नयेत आणि नवी पाने प्रमाणानुसार दिसावीत, म्हणून पानाच्या माथ्यावरची एक ओळ वाचून ब्राउझर आपली रीत बदलू लागले. मॅकवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने २००० मध्ये आणि विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ ने २००१ मध्ये हा मार्ग धरला. मोझिलाचाही तोच मार्ग होता. काटेकोर रीत आली आणि एक चमत्कारिक तक्रार सर्वत्र सुरू झाली. चौकटीत चित्र ठेवले की त्याच्या खाली काही ठिपक्यांची फट पडू लागली. तुकडे करून टेबलात जुळवलेली सुबक चित्रे फुटलेल्या आरशासारखी दिसू लागली. आमच्या गोलाकार कोपऱ्यांनाही ती फट पडलीच.

या फटीचे कारण समजले तेव्हा आम्ही थबकलो. चित्रही ओळीतल्या अक्षरासारखेच मानले जाते. रोमन अक्षर आधाररेषेवर उभे असते आणि काही अक्षरांच्या शेपट्या त्या रेषेच्या खाली उतरतात. म्हणून चित्रही त्या रेषेवर उभे राहते आणि खाली न आलेल्या शेपट्यांसाठी जागा मोकळी सुटते. चौकटीत एकही अक्षर नसताना रोमन लिपी तिथे अदृश्यपणे हजर होती! पुढे मोझिलाने २००२ मध्ये 'जवळजवळ काटेकोर' अशी तिसरी रीत काढली. बाकी सगळे प्रमाणानुसार, फक्त टेबलातल्या चित्रांखालची फट बुजवायची, असा तो समझोता होता.

आता आपली लिपी पाहावी. देवनागरी अक्षर रेषेवर उभे राहत नाही, ते शिरोरेषेला लोंबते. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. तिचे आपले असे तीन मजले आहेत. रोमन ओळीचा विचार खालच्या रेषेपासून सुरू होतो, आपला वरच्या रेषेपासून. चित्ररेखनासाठी बनलेल्या एसव्हीजी या प्रमाणाने २००१ मध्ये 'लोंबती रेषा' अशी संज्ञा मान्य केली खरी, पण रोजच्या पानावर, टेबलाच्या चौकटीत, मराठी अक्षर रोमन आधाररेषेच्या हिशोबानेच बसवले जात राहिले. म्हणजे बारा ठिपक्यांचे रोमन अक्षर आणि बारा ठिपक्यांचे मराठी अक्षर कागदोपत्री समान. मात्र वाचता येण्यासाठी दुसऱ्याला अधिक मोठी ओळ हवी. चौकटीची उंची पक्की करणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि आम्हाला ठाऊक असूनही उमगली नव्हती.

मराठीपुरती एक आणखी अडचण होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण घरोघरच्या संगणकावर ती पोचायला बराच काळ गेला. तोवर मराठी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फाँट वापरत. वाचकाकडे तो फाँट नसेल तर मराठी लेखाऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. यावर उपाय म्हणून १९९७ च्या सुमारास 'डायनॅमिक फाँट' आले. पानाबरोबर फाँटही येई. पण नेटस्केपसाठी एका स्वरूपात आणि इंटरनेट एक्सप्लोररसाठी दुसऱ्या. एकाच पानाला दोन फाँट-संचिका जोडाव्या लागत. एवढे करूनही दोन ब्राउझरांत ओळ तेवढ्याच उंचीची येईल याची खात्री नव्हती. आज ज्याला आपण मराठी महाजालाची पहिली पिढी म्हणतो, तिने हा दुहेरी संसार बिनबोभाट केला.

विंडोज २००० बरोबर 'मंगल' आला. तो कवी आणि अक्षरसंकल्पक र. कृ. जोशी यांनी घडवलेला. मंगलची ओळ उंच आहे, पानावर तो फार जागा खातो, अशी कुरकुर तेव्हा अनेकांनी केली आणि त्या चौदा ठिपक्यांमुळे आम्हीही केली. आज त्या उंचीकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहतो. वर दोन मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार किंवा जोडाक्षराचा पाय, हे सारे एका ओळीत आले तरी शेजारच्या ओळीला धक्का लागू नये, एवढी ती जागा. 'दौंड' लिहायला ती लागतेच. चौकट लहान होती; ओळ मोठी नव्हती.

हा झगडा नवा नाही, हेही सांगायला हवे. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण अशा रकान्यांचे पंचांग म्हणजे मराठी घरातले सर्वांत जुने ओळखीचे टेबल. शिळाछापात चौकट आणि अक्षर एकाच हाताने लिहिले जाते, त्यामुळे अक्षर वाढले तर रेघ थोडी सरकते आणि कोणाची तक्रार राहत नाही. पुढे खिळे आले आणि हा सलोखा संपला. मुंबईच्या छापखान्यांत रूढ झालेल्या जुळणीच्या एका पद्धतीत मराठीची एक ओळ प्रत्यक्षात थरांनी बनत असे. मधे अक्षरे, वर मात्रा-वेलांट्यांचे बारीक खिळे, खाली उकारांचे. इंग्रजीचा जुळारी एक ओळ लावी तेवढ्यात मराठीचा जुळारी तीन थर बसवी. ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून जागा सोडावी लागे आणि रकान्याच्या पानात त्या पट्ट्या शेजारच्या रकान्याशी जुळवाव्या लागत. टेबलाच्या चौकटीची उंची जुळवताना आम्ही जे करत होतो, तेच काम त्या जुळाऱ्यांनी शिशात केले होते. फरक एवढाच की त्यांचे पान एकदा छापले की तसेच राही. आमचे पान प्रत्येक वाचकाच्या घरी नव्याने जुळवले जात होते, कोणत्या खिळ्यांनी ते आम्हाला माहीत नसताना.

आमच्या भागात दुसरे एक टेबल त्याहून महत्त्वाचे मानले जाते, सातबारा. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची आणि तिच्यावर कोणाचे हक्क, गाव नमुना बारामध्ये पिके. १९४८ च्या कुळकायद्यानंतर, विशेषतः १ एप्रिल १९५७ या कृषिदिनानंतर, त्यातल्या कुळाच्या रकान्यात नाव असणे किंवा नसणे यावर अनेक घरांची भाकरी ठरली. त्या हस्तलिखित उताऱ्यांचा कागद छापील, चौकटी आखलेल्या. पण घरे वाढतात. आजोबांच्या एका नावाच्या जागी मुले, मुली, सुना, नातवंडे अशी नावे वारसाने येतात आणि चौकट मात्र तेवढीच राहते. मग जुन्या नावाला कंस होई, नवी नावे बारीक अक्षरांत दाटीने बसत, काही समासात उतरत. ते पान देखणे दिसत नसे, पण कोणाचे नाव चौकट भरली म्हणून गाळायचे नाही, हा त्यामागचा नियम पक्का होता. 'कुळ' शब्दाचा उकार कापला की 'कळ' उरते, आणि 'खंड'चा अनुस्वार गेला की 'खड'. शब्दांचे हे गमतीदार रूपांतर जमिनीच्या कागदावर गमतीचे राहत नाही.

या पार्श्वभूमीवर टेबलाच्या मूळ नियमाकडे पाहिले की तो किती समंजस होता हे ध्यानात येते. टेबलाच्या चौकटीला उंची सांगितली तर ब्राउझर ती 'किमान इतकी' अशी वाचतो. मजकूर कमी असेल तर तेवढी जागा राखतो. जास्त असेल तर चौकट वाढवतो. आणि एक चौकट वाढली की त्या आडव्या ओळीतल्या सगळ्या चौकटी तिच्याबरोबर वाढतात. ओळीची उंची तिच्यातल्या सर्वांत गरजू चौकटीने ठरते. २०११ मध्ये अंतिम झालेल्या सीएसएस २.१ नेही टेबलापुरते हेच तत्त्व लिहून ठेवले.

गंमत अशी की याच सुमारास टेबलांविरुद्ध मोहीम जोरात होती. टेबल आकडेवारीसाठी असते, मांडणीसाठी नव्हे, हा तिचा युक्तिवाद तत्त्वतः बरोबर होता. अंध वाचकांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या साधनांना टेबलांच्या जंजाळाचा त्रास होई, हेही खरे. म्हणून मांडणी टेबलांतून काढून सुट्या चौकोनांत हलवली गेली. त्या चौकोनांना उंची सांगितली की ती मात्र शब्दशः पाळली जाई. इंटरनेट एक्सप्लोरर ६ प्रमाणाला न जुमानता चौकोन मजकुराबरोबर वाढवी. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला फायरफॉक्स प्रमाण पाळी आणि मजकूर चौकोनाबाहेर सांडून खालच्या ओळींवर चढे. सांडू नये म्हणून कोणी चौकोनाला 'बाहेरचे झाका' अशी आज्ञा दिली की उकार कापले जात. म्हणजे चुकणारा ब्राउझर मराठीला दयाळू आणि नियम पाळणारा निष्ठुर, असा विचित्र अनुभव त्या काळात येई. दोष ब्राउझरचा नव्हता. 'इतकी' आणि 'किमान इतकी' यांतला फरक पान आखणाऱ्याने करायला हवा होता. 'किमान उंची' सांगण्याची सोय प्रमाणात होती, पण इंटरनेट एक्सप्लोररला ती सातव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २००६ पर्यंत, कळत नव्हती.

आम्ही आमचे पान कसे दुरुस्त केले? उंचीचा आकडा चाळीसचा चोपन्न करणे हा पहिला मोह होता. केलाही. दौंडला जुळले आणि शिरूरला ओव्यांमध्ये उगीच मोकळ्या जागा दिसू लागल्या. तिसऱ्याच फाँटने उद्या काय होईल ते कोणास ठाऊक. अखेर दोन टेबलांचे एक केले. ओवी आणि तिच्या सांगणारीचे नाव एकाच आडव्या ओळीत, शेजारच्या दोन चौकटींत ठेवले आणि उंचीचा आकडा पुसून टाकला. गोलाकार कोपरे गेले, वेगळा रंग गेला. ओवी दोन ओळींची असो की तीन, मंगलमध्ये असो की आणखी कशात, नाव तिच्यासमोरच राहिले. उंची जुळवण्याचा प्रश्न आम्ही सोडवला नाही. जे एकत्र असायला हवे ते एकत्र बांधल्यावर तो उरलाच नाही.

इतिहासाने पुढे तोच रस्ता धरला. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत 'ग्रिड' ही मांडणीपद्धत आली. तिच्यातही आडव्या ओळीची उंची, वेगळे काही सांगितले नाही तर, त्या ओळीतल्या मजकुराप्रमाणे ठरते. टेबलाचे जुने शहाणपण तिने टेबलाशिवाय मिळवून दिले. क्रोमियमने २०२१ मध्ये टेबलांच्या मांडणीचे यंत्र नव्याने लिहून काढले आणि ब्राउझरांमधली तफावत आणखी कमी झाली. नेटस्केप २००८ मध्ये निवर्तला होता. इंटरनेट एक्सप्लोररही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. ब्राउझरांचे भांडण बहुतांशी मिटले आहे.

उकार कापले जाणे मात्र थांबलेले नाही. भ्रमणध्वनीवरच्या बटणांवर, अर्जांच्या चौकटींत, वाहिन्यांच्या सरकत्या पट्ट्यांवर ते आजही दिसते, कारण उंची आजही बहुधा रोमन नमुन्यावरून ठरते. आमचे विद्यार्थी आता असली पाने आणि अर्ज बनवण्याच्या कामात जातात, काही जण पुण्यात, काही त्याहून दूर. मराठीच्या वर्गातून जाताना त्यांनी एवढे सोबत न्यावे असे आम्हाला वाटते, की चौकट आखून झाली की तिच्यात आधी 'दौंड' आणि 'कुरकुंभ' लिहून पाहावे. ती दोन गावे मावली तर उरलेली मराठी मावेल.

ओव्यांचे ते पान एका सीडीवर राहिले होते. गेल्या वर्षी आम्ही ते आजच्या ब्राउझरमध्ये उघडले. रंग जुनाट वाटले, अक्षरे निराळ्याच फाँटमध्ये आली, ओळींची उंची बदलली. आत्याबाईंची ओवी आत्याबाईंच्या नावासमोर होती.